पुंगळीला पोचा पडू नये म्हणून

काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीला पोचा पडला म्हणून माणसाने जेवण टाकावं का, असं माझ्या बायकोने मला भर जेवणात विचारलं. मी जेवण टाकलेलं नव्हतं. काटा बशीत ठेवून पुंगळी दिव्यासमोर धरून बघत होतो, एवढंच. पण लॉर्नाच्या मते नवऱ्याने तिच्या हातचा मासा बाजूला सारून दुसऱ्या कशाकडे प्रेमाने बघणं म्हणजे जेवण टाकणंच.

"झाडून झाली ना ती?" लॉर्ना म्हणाली.

"झाली."

"मग संपलं तिचं काम."

"संपलं कसं? घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा झाडायची. जपली तर कितीतरी वेळा चालते. पण तिचं तोंड बघ. आहे का गोल?"

लॉर्नाने चष्मा लावून पाहिलं. "माझ्या थोरल्या बहिणीचंही नाहीये," ती म्हणाली. "पण मेहुणे वेळेवर जेवतात."

आमची रायफल अर्धस्वयंचलित. चाप ओढला की गोळी पुढे जाते आणि रिकामी पितळी पुंगळी बाजूच्या खिडकीतून आपोआप भिरकावली जाते. ती नेमबाजाच्या तोंडावर येऊ नये म्हणून खिडकीच्या मागे धातूचा एक उंचवटा दिलेला असतो. पुंगळी त्याच्यावर थाडकन आपटते आणि लांब उडते. नेमबाजाचं नाक वाचतं, पुंगळीचं तोंड चेपतं. ज्याने ही रायफल आखली त्याने नाकाचा विचार केला, पुंगळीचा केला नाही. बहुधा तो नव्या पुंगळ्या विकणाऱ्याचा जावई असावा.

आता कोणी म्हणेल, चेपली तर चेपली. असं म्हणणारी माणसं चांदमारीच्या मैदानावर ओळखू येतात. ती गोळ्या झाडतात, हात झटकतात आणि पुंगळ्या गवतात टाकून घरी जातात. त्यांच्या घरी मोज्यांच्या जोड्याही जुळत नसणार. मी ॲगेट क्रीकच्या पाणीपट्टी कचेरीत काम करतो. प्रत्येक गोष्ट गेली तशी परत आली पाहिजे, हा माझ्या नोकरीचाच धर्म आहे.

त्यातून यंदाचं वर्ष साधं नव्हतं. उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या क्लबाचा आयर्न फॉल्सच्या क्लबाशी सामना असतो. चार जणांचा संघ. इतकी वर्षं मी या संघाला कॉफी नेऊन देत आलो. यंदा त्यातले एक गृहस्थ आपले गुडघे घेऊन फ्लोरिडाला राहायला गेले आणि त्यांच्या जागी माझं नाव लागलं. माझ्या मागे रांगेत डॉक्टर ऑस्ट्रँडरांचा जावई होता. डॉक्टर आमच्या गावचे दातांचे डॉक्टर आणि संघातले सगळ्यात पक्के नेमबाज. मी शिंकलो तरी ते आशेने बघत.

सामन्यासाठी मी पुंगळ्या एकाच मापाच्या निवडून ठेवल्या होत्या. उन्हाळाभर त्याच घासून, भरून, त्यांच्यावरच सराव करायचा बेत होता. आणि दर सरावाला रायफल त्यांची तोंडं चेपून देत होती.

शेजारचा रेइनो कांगास खाणीतून निवृत्त झालेला माणूस. कुंपणापाशी उभा राहून तो जगातल्या कुठल्याही प्रश्नावर सल्ला देतो, आणि सल्ला फुकट असल्यामुळे ऐकून घ्यावा लागतो.

"सोपं आहे रे आर्विद," तो म्हणाला. "उंचवट्यावर काहीतरी मऊ चिकटव. डोकं आपटणारच असेल तर भिंतीला उशी लावावी."

मऊ म्हणजे काय, यावर गावात एकमत होईना. टपाल कचेरीतल्या माणसाने सायकलची ट्यूब सुचवली. मी तुकडा कापून लावला. पहिलीच पुंगळी ट्यूबवरून चेंडूसारखी उसळली आणि आल्या खिडकीने परत आत जाऊन बसली. रायफल तिथेच अडकली. मग जेवणाच्या खुर्चीच्या पायाखालचं नमद्याचं गोल बूच काढून लावलं. ते उत्तम चाललं, पण तिसऱ्या गोळीला सुटून गवतात गेलं, आणि इकडे घरी लॉर्नाने खुर्ची मागे सरकवली तेव्हा नव्या लाकडी जमिनीवर लांबलचक ओरखडा उठला. त्या ओरखड्यावर आता गालिचा आहे. गालिच्यावर मी काही बोलत नाही.

शेवटी रेइनोनेच तोड काढली. "खाणीत आम्ही नवे बूट घातले की टाचेला ती मऊ पट्टी लावायचो. जाड कापडाची, मागे डिंक. एकदा चिकटली की कातडी निघेल, पट्टी नाही."

मी औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदार वेंडेल भला माणूस, पण त्याला वैद्यकी आवडते.

"पायाला कुरूप आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

"फोड?"

"नाही."

"मग पट्टी कशाला?"

माझ्या मागे मिसेस ट्रेव्हारो उभ्या होत्या. या आमच्या क्लबाच्या चिटणीस. त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट क्लबात जाते, क्लबातून त्यांच्या मेथडिस्ट चर्चमध्ये जाते आणि तिथून थेट वर. माणसाला लावायची पट्टी मी पुंगळीसाठी नेतोय, हे त्यांच्यासमोर सांगायला मला संकोच वाटला.

"जरा घासतंय," मी म्हणालो. खोटं त्यात काही नव्हतं.

"किती दिवसांपासून?"

"घेतली तेव्हापासून," मी म्हणालो. माझ्या मनात रायफल होती.

वेंडेलने मान हलवली आणि एक पाकीट दिलं. मिसेस ट्रेव्हारोंनी माझ्या बुटांकडे बघितलं आणि दीर्घ उसासा टाकला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत माझ्या टेबलाखाली पाय ठेवायला एक चौरंग होता. साहेबांनी मला खास बोलावून सांगितलं की जिन्याची चढउतार आता तू करू नकोस, कागद खाली येतील. पाणीपट्टीबद्दल वर्षानुवर्षं माझ्याशी भांडत आलेल्या एका बाईंनी मला मांसाची कचोरी आणून दिली आणि आपल्या काकांचा पाय कुठपर्यंत कापावा लागला ते हाताने दाखवलं. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण कचोरी गरम होती आणि त्यात रुटाबागाचा गोडसर कंदही भरपूर होता. माणसाने सत्य बोलावं, पण खाऊन झाल्यावर बोलावं.

पट्टी मात्र अप्रतिम निघाली. तिचा छोटा तुकडा कापून मी उंचवट्यावर चिकटवला आणि शनिवारी मैदानावर पालथा पडून गोळ्या झाडल्या. थाडकन असा आवाज यायचा तिथे आता पटकन असा आवाज आला. उठून पुंगळ्या गोळा केल्या. एकेकीचं तोंड असं गोल, की बघत राहावं. एकही पोचा नाही. मी गवतात गुडघ्यावर बसून त्या उन्हात फिरवून बघत होतो, आणि मला शपथेवर सांगता येईल की त्या क्षणी माझ्या मनात कोणाबद्दलही वाईट विचार नव्हता.

डॉक्टर ऑस्ट्रँडर तेवढ्यात माझ्या उजवीकडच्या जागेवर येऊन पडले. दुसरी फेरी सुरू झाली.

आता यात एक शास्त्र आहे, ते मला नंतर कळलं. पुंगळी कडक उंचवट्यावर आपटली की जोरात पुढे उडते. मऊ पट्टीवर आपटली की तिचा जोर मरतो आणि ती सरळ उजवीकडे, अंगणात पाहुणी यावी तशी, सावकाश जाते. माझ्या उजवीकडे डॉक्टरांची मान होती.

डॉक्टरांनी आधी रायफल खाली ठेवली. हे मी त्यांच्या बाजूने मुद्दाम सांगतो, कारण शिस्तीचा माणूस असाच वागतो. मग ते उभे राहिले आणि सदऱ्याच्या आत दोन्ही हात घालून जे करू लागले ते आमच्या भागात लग्नातसुद्धा कोणी करत नाही. गोळीबार थांबवण्यात आला. पुंगळी शेवटी त्यांच्या विजारीतून बाहेर आली.

मी धावत गेलो. पहिल्यांदा पुंगळी उचलून तिचं तोंड बघितलं, ही माझी चूक झाली.

"माझी मान भाजली आहे," डॉक्टर म्हणाले.

"हो, दिसतंय," मी म्हणालो. "पोचा मात्र नाही."

तक्रार झाली. क्लबाच्या कार्यकारिणीची सभा बुधवारी बसली. मिसेस ट्रेव्हारोंनी नियम वाचून दाखवला की रायफलीत कोणताही फेरफार कार्यकारिणीच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येणार नाही. मी म्हटलं की पट्टी हा फेरफार नव्हे, ते औषध आहे. यावर बराच वेळ खल झाला. एकाचं म्हणणं पडलं की औषध असेल तर डॉक्टरांचं मत घ्यावं. क्लबात डॉक्टर एकच, त्यांच्या मानेला मलम लावलेलं. त्यांचं मत सगळ्यांना आधीच माहीत होतं.

"एक मिनिट," मिसेस ट्रेव्हारो म्हणाल्या. "ती वेंडेलकडची पट्टी रायफलीला लावलीय?"

"हो."

"म्हणजे तुझा पाय?"

"ठणठणीत आहे."

बाईंचा चेहरा पडला. "मी रविवारी तुझ्या पायासाठी प्रार्थना सांगितली होती," त्या म्हणाल्या. "अख्ख्या चर्चने केली. आता ती मागे कशी घ्यायची?"

हे मागे घेण्याचं काम कोणत्या पोटसमितीकडे येतं, याचा निर्णय झाला नाही. बाकीचा झाला. पट्टी राहू द्यावी, पण पुंगळ्या ज्याच्या त्याने आपल्या हद्दीत पाडाव्यात. पुन्हा एक जरी हद्दीबाहेर गेली तर संघातली जागा रिकामी समजावी. डॉक्टरांचा जावई मागच्या खुर्चीवर बसला होता. त्याने लगेच वहाणा सरळ केल्या, जणू आत्ताच बोलावतील.

घरी येऊन मी लॉर्नाला सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "इतकी वर्षं तू त्यांना कॉफी नेऊन दिलीस, तेव्हा कोणाला हद्द आठवली नाही." आणि तिने कपडे वाळत घालायचे चिमटे जरा जोरातच डब्यात टाकले. ते मला फार बरं वाटलं.

रेइनो जाळं घेऊन आला. वसंतात ओढ्यातून बारके मासे उपसायचं त्याचं जुनं जाळं, लांब दांड्याचं. "दांडा जमिनीत रोव, तोंड रायफलीकडे कर. पुंगळी उडाली की जाळ्यात. मासा सुटत नाही, तिथे पुंगळी कुठे जाते?"

जाळं चाललं. हे मी कबूल करतो. पण दोन गोष्टी रेइनोच्या ध्यानात आल्या नाहीत. एक, जाळं नायलॉनचं होतं आणि पुंगळी गरम असते. दर पुंगळीला एक धागा वितळून तिथे छोटं भोक पडू लागलं. दुसरी गोष्ट, जाळ्याला कित्येक वसंतांचा वास होता, आणि उन्हात तो वास जागा झाला.

मिसेस ट्रेव्हारोंची कुत्री डचेस मैदानाच्या मागे बाकाखाली झोपलेली असते. म्हातारी आणि जाड कुत्री. तिला मी आजवर धावताना बघितलेलं नव्हतं. मी चाप ओढणार तोच माझ्या पायावरून काहीतरी जड गेलं. डचेसने जाळ्यात तोंड खुपसलं, जाळं डोक्याला अडकलं, दांडा उपटला गेला, आणि ती जाळ्यासकट गाड्यांच्या दिशेने निघाली. गोळीबार पुन्हा थांबला. पुढे डचेस, मागे मिसेस ट्रेव्हारो, त्यांच्या मागे मी, आणि भोकाभोकांतून माझ्या निवडक पुंगळ्या खडीवर पडत चाललेल्या.

"तिला ओढू नकोस," मिसेस ट्रेव्हारो म्हणाल्या. "तिला दम्याचा त्रास आहे."

कुत्रीची सुटका झाली. कुत्री चिटणीसबाईंचीच असल्यामुळे हद्दीबाहेर पडलेल्या पुंगळ्या कोणी मोजल्या नाहीत. जाळ्याची अवस्था सांगण्यात अर्थ नाही. त्या संध्याकाळी मी लॉर्नाला म्हटलं की मी संघातून नाव काढून घेतो. जावई तरुण आहे, नेम बरा आहे, आणि त्याच्या पुंगळ्या चेपल्या तरी त्याला झोप लागते.

लॉर्नाने माझ्या डब्यातून एक पुंगळी घेतली आणि स्वतःच्या तळहातावर वरून टाकून बघितली. मग जमिनीवर टाकून बघितली. मग शिवणाची टोपली काढली.

"तुम्ही सगळे तिला थांबवायला बघताय," ती म्हणाली. "तिला थांबवायचं नसतं. झेलायचं असतं. भट्टीतून गरम भांडं काढताना मी काय वापरते?"

तिने स्वयंपाकघरातले भट्टीचे दोन जाड हातमोजे उसवले, त्यांच्या आत उशीतला कापूस भरला, आणि दांड्याला बांधायची खोलगट पिशवी शिवली. दोन्ही हातमोज्यांवर कोंबडे छापलेले होते. एक कोंबडा नेमका पिशवीच्या दर्शनी भागावर आला, चोच वर करून. मी विचारलं की तो आतल्या बाजूला नाही का घेता येणार. लॉर्नाने माझ्याकडे असं बघितलं की मी कोंबडा छान आहे म्हणालो.

अंगणात आम्ही ती तपासली. मी रिकाम्या पुंगळ्या एकेक करून फेकायचो, लॉर्ना पिशवीत बघायची. बराच वेळ आम्ही हेच करत होतो. रेइनो कुंपणावर हात टेकून बघत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

सामना आयर्न फॉल्सला होता. मी दांडा रोवून पिशवी बांधली तेव्हा आधी हसं झालं आणि मग हरकत आली. त्यांचे कप्तान प्रुडोम म्हणून होते, मिशीवाले, फार गंभीर. ते पिशवीभोवती एक चक्कर मारून आले.

"हे काय आहे?"

"पुंगळ्या झेलायची पिशवी," मी म्हणालो.

"नियमात पिशवी नाही. ही बाहेरची मदत झाली. वारा अडू शकतो."

मी काही बोलायच्या आत डॉक्टर ऑस्ट्रँडर पुढे आले. मला वाटलं, संपलं. माणसाने सूड घ्यायला याहून चांगली वेळ शोधूनही मिळाली नसती. जावई कुंपणापाशी बसला होता, तो उठून उभा राहिला.

डॉक्टरांनी कॉलर खाली केली आणि प्रुडोमना आपली मान दाखवली. डाग अजून लाल होता.

"ही याची पुंगळी," डॉक्टर म्हणाले. "पिशवी याच्या मदतीसाठी नाहीये, आजूबाजूच्यांसाठी आहे. काढायची असेल तर खुशाल काढा. याच्या उजवीकडे आज कोण पडणार आहे?"

प्रुडोमनी यादी बघितली. त्यांचंच नाव होतं.

"वारा फारसा नाही आज," प्रुडोम म्हणाले.

डॉक्टर परत जाताना माझ्याजवळ थांबले. "जावई माझा चांगला आहे," ते हळूच म्हणाले, "पण चाप हिसकतो. तू नीट मार."

मी नीट मारलं. खरं कारण सांगायचं तर मला निशाणाची भीती वाटायला वेळच मिळाला नाही. माझा सगळा जीव उजव्या कानात होता. चाप ओढायचा, की पिशवीत मऊ धप्प असा आवाज ऐकायचा, आणि जिवाला शांत वाटलं की पुढचा चाप. पिशवीत एकेक पुंगळी जात होती आणि माझा श्वास इतका संथ झाला होता की रायफल हलत नव्हती.

शेवटची फेरी भरभर झाडायची असते. तिच्या मध्यावर मला जळका वास आला. उशीतला तो कापूस खरा कापूस नव्हता, दुकानातला बनावट होता, आणि गरम पुंगळ्यांचा ढीग त्याला सोसेना. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला कोंबड्याच्या चोचीतून धूर येताना दिसला.

"लाहतिनेन," पलीकडून प्रुडोमनी मला आडनावाने हाक मारली, "तुमचा पक्षी पेटलाय."

नियमाने मी थांबू शकलो असतो. पण थांबलो असतो तर ती फेरी गेली असती. मी उरलेल्या गोळ्या झाडल्या. शेवटची पुंगळी आत पडल्यावर रायफल खाली ठेवली, आणि "थांबा" असा हुकूम झाल्याबरोबर डॉक्टर ऑस्ट्रँडरनी आपली कॉफीची किटली पिशवीत उपडी केली. मोठा फुस्स आवाज झाला. मग सगळीकडे कॉफीचा आणि भाजलेल्या उशीचा वास.

आम्ही जिंकलो. अगदी थोडक्यात जिंकलो, आणि ती शेवटची फेरी नसती तर जिंकलो नसतो. प्रुडोमनी हात मिळवला आणि विचारलं की पिशवी शिवायला किती दिवस लागतात. लॉर्ना म्हणाली, विचार करून सांगते. एरवी ती कोणालाच विचार करून सांगत नाही.

घरी आल्यावर तिने पिशवी मोरीत उलटी केली. काळ्या कॉफीतून पुंगळ्या निघाल्या. आम्ही दोघांनी त्या फडक्यावर पुसून ओळीने मांडल्या. एकीलाही पोचा नव्हता. लॉर्नाने चष्मा लावून प्रत्येकीचं तोंड तपासलं, अगदी शेवटपर्यंत, आणि म्हणाली, "बरोबर. आता यांना चांगली पिशवी पाहिजे. हातमोजे उपयोगाचे नाहीत. लोकर पाहिजे. अस्सल लोकर असली की ती पेट घेत नाही."

"लोकर महाग असते," मी म्हणालो.

"असेल कुठेतरी घरात," लॉर्ना म्हणाली.

नवी पिशवी फार सुंदर झाली. काळी, घट्ट विणीची, आतून दुहेरी. पुढच्या शनिवारी मैदानावर सगळ्यांनी तिला हात लावून बघितला. डॉक्टरांनीसुद्धा मान खाली घालून बघितली. इतकी भारदस्त पिशवी आमच्या क्लबात कोणाकडेच नव्हती, आणि खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

रविवारी सकाळी चर्चला जायला म्हणून मी कपाट उघडून माझा काळा सूट काढला. कोट जिथल्या तिथे होता. विजारीला डावाच पाय होता.

मी ती विजार हातात धरून स्वयंपाकघरात गेलो. लॉर्ना टोपी घालत होती.

"बघ, पुंगळ्यांना पोचा पडतोय का," ती म्हणाली.

"नाही पडत."

"मग झालं तर."

मी वर काळा कोट आणि खाली चांदमारीची खाकी विजार घालून गेलो. चर्चच्या दारात आमचे हापाला नावाचे पाळक सगळ्यांशी हात मिळवत उभे होते. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि प्रेमाने विचारलं, "आर्विद, सुटाचं काय झालं?"

"अर्धा इथे आलाय, पाळकसाहेब," मी म्हणालो, "अर्धा क्लबात असतो."

पाळकांनी लॉर्नाकडे बघितलं. लॉर्ना ताठ मानेने पुढे जाऊन पहिल्या बाकावर बसली, आणि मी खाकी पाय शक्य तितके बाकाखाली घेऊन तिच्या शेजारी.